थंडीत ट्रेडमिलवर न चालण्याची पूर्वतयारी

डिसेंबर लागला की पहाटे टेकडीवर जायच्या नुसत्या विचारानेच हुडहुडी भरते. म्हणून तुम्ही हॉलमध्ये ट्रेडमिल आणलीत, हे झकास केलंत. आता तिच्यावर चालावं लागू नये याची सोय बघा. आळसाची सबब घरात कुणी ऐकून घेत नाही. यंत्र बिघडलंय म्हटलं की मात्र सगळे हळहळतात.

आधी जागा ठरवा. यंत्रामागे दोनेक मीटर मोकळे सोडा, असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. तेवढ्यात एक दिवाण मावतो, तेव्हा यंत्राची मागची बाजू खुशाल भिंतीला टेकवा. तोल गेलाच तर फिरता पट्टा तुम्हाला भिंतीशी दाबून धरेल आणि गुडघे सोलून काढेल. रथसप्तमीपर्यंतची रजा एका झटक्यात मंजूर! अर्थात लाल दोरीची सेफ्टी की कपड्याला अडकवायची नाही. ती ओढली गेली तर पट्टा थांबतो आणि सगळा बेत फसतो.

विजेचं म्हणाल तर जुन्या वायरिंगसारखा मित्र नाही. २००० वॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर घेतो, ट्रेडमिलची दोन हॉर्सपॉवरची मोटर भारावर ६-७, हजार वॅटची इस्त्री चारेक आणि चटणीचा मिक्सर तीन. हे सगळं १६ अँपिअरच्या एकाच एमसीबीवर, म्हणजे जादा भार झाला की आपोआप पडून वीज तोडणाऱ्या खटक्यावर, टाका. थोड्या जादा भाराने एमसीबी लगेच पडत नाही, आतली धातूची पट्टी तापायला वेळ लागतो. म्हणजे तुम्हाला जेमतेम घाम फुटेल, आंघोळीला गेलेल्याचं डोकं साबणाने माखलेलं असेल आणि नेमका तेव्हा अंधार होईल. गीझर आधी उरकून घ्यावा असं कुणी सुचवलं, तर विषय बदला.

तेलपाणी हा खरा कलेचा प्रांत. पट्टा आणि खालची फळी यांच्यामध्ये दर दोन-तीन महिन्यांनी सिलिकॉन तेल घालायचं असतं. प्लग काढायचा, पट्टा कडेने उचलायचा, दोन्ही बाजूंनी मिळून २०-३० मिली तेल मध्यभागी सोडायचं आणि मग सावकाश वेगात पाचेक मिनिटं पट्टा फिरू द्यायचा. इतकं सोपं काम करून तुमच्या हाती काय लागणार? त्यापेक्षा देवघराशेजारची खोबरेलाची बाटली घ्या. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या थंडीत ते फळीवर लोण्यासारखं बसतं, धूळ धरतं आणि पट्ट्याला ब्रेक लागतो. पट्टा ओढताना मोटर तापते, पडद्यावर एरर कोड येतो. शिलाई मशीनचं तेल असेल तर तेही चालेल. त्याने पट्टाच खराब होतो.

पट्टा उजवीकडे सरकू लागला तर मागचा उजवा बोल्ट ॲलन कीने (षट्कोनी पान्याने) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवायचा आणि मिनिटभर वाट पाहायची. डावीकडे सरकला तर डावा. तुम्ही मात्र दोन्ही बोल्ट चांगले दोन-दोन फेरे आवळा. मध्यावर कडेने उचलल्यावर पट्टा दोन-तीन इंच वर यायला हवा. तो अजिबात हलेना, म्हणजे रोलरच्या बेअरिंगची वाट लागायला सुरुवात झाली.

कोरड्या हवेत पॉलिएस्टरचा ट्रॅकसूट घातलात की हँडलला हात लावताच स्थिर विजेचा चटका बसेल. सुती कपडे घातले तर तो बराच कमी होतो, म्हणून ते कपाटातच राहू द्या. तीन पिनी प्लगला दोन पिनी कन्व्हर्टर लावून अर्थिंग तोडायचं मात्र चुकूनही करू नका. ही थट्टेची बाब नाही.

खालच्या मजल्यावरचे काका साडेपाचला बेल वाजवायला हवे असतील, तर यंत्र हॉलच्या मधोमध ठेवा. तिथे स्लॅब जास्त थरथरतो. तुळईजवळ, जाड रबरी मॅटवर ठेवलंत तर बिचारे झोपूनच राहतील.

आणि हो, हँडलवर ओले टॉवेल, मोटरच्या झाकणावर गोधडी. हवेच्या फटी बंद झाल्या की मोटर तापते, शिवाय कापसाचे तंतू आत जाऊन बसतात. मेकॅनिकने झाकण उघडून त्यांचा बोळा बाहेर काढला, तर निर्विकार चेहऱ्याने एवढंच म्हणा, “आमच्याकडे व्होल्टेजचा फार प्रॉब्लेम आहे हो.”