भात पाण्यातलं पीक आहे, पण उगवणारं बी पाण्यात गुदमरतं

पेरणीच्या तोंडावर एक सल्ला हमखास फिरतो: "भात पाण्याचंच पीक. दलदलीत साचल्या पाण्यात बी फेका, आपोआप उगवेल. धास्ती वाटली तर बुडीत सहन करणारं वाण घ्या आणि बी दुप्पट टाका." यावर विसंबून कुणाचं बियाणं चिखलात कुजू नये, म्हणून हे लिहितोय.

"आपोआप उगवेल." काचेच्या ग्लासात तळाशी चिखल घ्या, त्यात दाणे दाबा, वर चार बोटं पाणी भरा. काही दिवसांत पांढरट कोंब वर सरकतो. पण दाणा उपसून बघा, मूळ जवळजवळ नसतंच. तो कोंब म्हणजे हवा शोधत निघालेली पोकळ नळी. प्राणवायूशिवाय दाण्यातली साखर आंबवून जेमतेम ऊर्जा मिळते आणि ती या नळीच्या वाढीत जाते. नळी हवेपर्यंत पोचली तर मुळं-पानं धरतात. त्याआधी साठा संपला, की दाणा सडतो. पाणी तापलेलं असेल तर त्यात विरघळलेली हवा आणखीच कमी.

"बुडीत सहन करणारं वाण घ्या." इथे मोठी गल्लत होते. ओडिशाच्या 'एफआर १३ए' वाणातलं सब१ए जनुक (२००६ साली ओळखलं गेलं) बुडालेल्या रोपाची वाढ रोखतं, साठा वाचवतं, आणि रोप दोनेक आठवडे तग धरतं. उगवत्या बियाला नेमकं उलट हवं: साठा फोडून झटपट वर येणं. त्याला मदत करणारं ओएसटीपीपी७ जनुक म्यानमारच्या 'खाओ ह्लान ऑन' वाणात सापडलं. त्यामुळे वाण घेताना स्पष्ट विचारा: बुडालेलं रोप टिकतं, की बुडालेलं बी उगवतं?

"बी दुप्पट टाका." हवा नाही तिथे दुप्पट बीही गुदमरणारच.

पाणी काढता येत असेल तर पोकळ दाणे मिठाच्या पाण्यात तरंगवून काढा, बी स्वच्छ धुवा, २४ तास भिजवा, तेवढाच वेळ गोणपाटाखाली दडपा आणि मोड दिसताच चिखलावर वरवर पेरा. पेरल्यावर पाणी पुन्हा चढेल असं वाटत असेल, तर मात्र मोड आणू नका. भिजवलेलं बी सावलीत वाळवून पेरा, ते न भिजवलेल्या बियापेक्षा लवकर वर येतं. आणि पाणी हटतच नसेल, तर उंच किंवा तरंगत्या वाफ्यावर रोपं करून लावणीच करा.