रिमफायर रायफलचा मिसफायर आणि ते ‘पाच घरगुती उपाय’

‘जुनी सेमी-ऑटोमॅटिक पॉइंट टू-टू रायफल घेतलीत आणि मिसफायर होतोय, म्हणजे चाप ओढूनही गोळी उडत नाही? गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) पैसे घालवू नका, हे पाच उपाय करा’ असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. माझ्या पुतण्याने नुकतीच सेकंडहँड रायफल घेतली आहे. त्याच्यापर्यंतही तो पोचला आणि तो कानस शोधायला लागला. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

पहिला उपाय: ‘गोळी उडाली नाही की लगेच बोल्ट ओढून काडतूस फेका, पुढचे भरा.’

बोल्ट म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता पोलादी ठोकळा. हा सल्ला डोळा घालवणारा आहे. चाप ओढल्यानंतर दारू क्षणभर उशिराही पेटू शकते, यालाच हँगफायर म्हणतात. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या त्याच्या जागेत, असते तोवर त्याला पोलादाचा आधार असतो. अर्धवट बाहेर आलेले काडतूस पेटले तर पातळ पितळ फाटून तुकडे उडतात. म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरायची, बोट चापावरून काढायचे आणि किमान 30 सेकंद थांबायचे. मग मॅगझिन काढून, चेहरा इजेक्शन पोर्टपासून, म्हणजे काडतूस बाहेर पडते त्या खिडकीपासून, बाजूला ठेवून बोल्ट उघडायचा. ‘खट्’ऐवजी दबका ‘फुस्स’ ऐकू आला असेल तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. अशा वेळी रायफल रिकामी करून नळीत क्लीनिंग रॉड आरपार घालून पाहिल्याशिवाय पुढची गोळी भरायचीच नाही. अडकलेल्या गोळीवर दुसरी आदळली तर नळी फुगते, नाहीतर फाटते.

शिवाय ते न उडालेले काडतूस फेकून दिले की दोष कुठे आहे हे सांगणारा पुरावाही गेला.

दुसरा उपाय: ‘फायरिंग पिन झिजलेली असते. कानस मारून टोकदार करा.’ हा सगळ्यात विचित्र. फायरिंग पिन म्हणजे काडतुसावर मार देणारी खीळ. पॉइंट टू-टूच्या रिमफायर काडतुसाला वेगळा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, नसतो. पेटणारे मिश्रण ओले असताना काडतूस गरगर फिरवून रिमच्या, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या, पोकळ कडेत बसवलेले असते. पिन ती कडा चेंबरच्या मागच्या काठावर चिरडते, तेव्हा ठिणगी पडते. चिरडायला बोथट, चपटे टोक लागते. टोकदार पिन रिमला भोक पाडते आणि गरम वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. वर कानशीने पिन आखूड होते, म्हणजे मिसफायर वाढणारच. ठोकून लांब केली तर ती चेंबरचा काठ ठेचते. अमेरिकेतील सामी ही संस्था काडतुसांची प्रमाण मापे ठरवते. तिच्या मापात रिमची जाडी जास्तीत जास्त 0.043 इंच, म्हणजे जेमतेम 1.09 मिलिमीटर. इतक्या जागेत हातातल्या कानशीचा अंदाज चालत नाही.

पिनला हात लावण्याआधी रिमवरची खूण बघा. खूण खोल आणि स्वच्छ असूनही गोळी उडाली नाही, तर बहुधा दोष काडतुसाचा. खूणच नसेल तर पिन तुटली आहे किंवा घाणीत अडकली आहे. खूण उथळ असेल तर पहिला संशय बोल्टवर घ्या. या रायफलींमध्ये बोल्ट कुलूपबंद होत नाही, त्याचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच तो बंद राहतो. चेंबरमध्ये काजळी, शिसे आणि मेण साचले की काडतूस पूर्ण आत जात नाही, बोल्ट केसभर मागे राहतो आणि हॅमरचा (पिनवर आदळणाऱ्या हातोडीचा) बराचसा जोर त्याला पुढे ढकलण्यातच संपतो. चेंबरला सॉल्व्हंट लावून 10-15 मिनिटे मुरू द्या, पितळी ब्रश हाताने फिरवा, मग कोरडे पुसा. नळी स्क्रूने बसवलेली असेल तर ते स्क्रूही तपासा. नळी किंचित पुढे सरकली की रिम पिनपासून दूर जाते आणि मार हलका लागतो. आणि सेकंडहँड रायफलीत एक गोष्ट हमखास बघावी: आधीच्या मालकाने चाप हलका करण्यासाठी हॅमरची स्प्रिंग बदललेली असू शकते. मूळ कंपनीची स्प्रिंग घातली की कित्येकदा प्रश्न तिथेच मिटतो.

तिसरा, ‘बोल्टमध्ये भरपूर तेल सोडा.’ नको. तेलात काजळी मिसळून चिखल होतो, थंडीत तो घट्ट होतो आणि पिन रेंगाळते. त्याहून वाईट म्हणजे पिन बाहेर आलेल्या स्थितीत अडकली तर बोल्ट बंद होतानाच, चाप न ओढता गोळी उडू शकते. पिनची खाच धुवून कोरडी ठेवा.

चौथा, ‘रिकामी रायफल पन्नास वेळा चालवून स्प्रिंग मोकळी करा.’ यात अर्धे सत्य आहे, तेवढे मान्य करतो. रुगर कंपनीची 10/22 ही रायफल रिकामी चालवली तरी चालते असे खुद्द रुगर सांगते, कारण तिच्यात पिनला अडवणारी आडवी खीळ आहे. पण ही मुभा प्रत्येक रायफलीला नाही. जिथे पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते तिथे खळगा पडतो. मग नेमक्या त्याच जागी रिमला आधार उरत नाही, आणि उठलेला काठ काडतुसाला आत जाऊ देत नाही. म्हणजे मिसफायर बरा करायला निघालात आणि कायमचा करून बसलात. असा काठ चेंबर आयर्न नावाच्या हत्याराने पूर्ववत करता येतो, पण ते गनस्मिथचे काम. आणि स्प्रिंग चालवून ‘मोकळी’ होत नाही. ती कमजोर असेल तर बदलावीच लागते.

पाचवा, ‘गोळ्या सगळ्या सारख्याच.’ नाहीत. मिश्रण रिममध्ये सगळीकडे सारखे पसरलेले नसेल तर रिकाम्या जागी मार बसून गोळी उडत नाही. 30 सेकंदांनंतर काढलेले काडतूस, गोळी सैल किंवा वाकडी झालेली नसेल तर, फिरवून दुसऱ्या बाजूने एकदाच चालवून बघा. उडाले तर दोष बहुधा मिश्रणाचा. तरीही नाही उडाले तर ते बाजूला ठेवा, तिसऱ्यांदा वापरू नका. मग दोन वेगळ्या कंपन्यांची काडतुसे लावा. सफाई झाली, मूळ स्प्रिंग बसवली आणि तरीही दोन्हींच्या रिमवर खूण उथळच येत असेल, तर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरचा काठ यांच्यामधली रिमसाठीची जागा) मोजून घ्यायला गनस्मिथकडे जा, आणि ती न उडालेली काडतुसे सोबत आणली आहेत हे त्याला आधी सांगून ठेवा.