वीस लँड की चोवीस? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाची डिजिटल आवृत्ती असलेल्या 'मॅजिक अरेना'च्या रँक्ड लॅडरसाठी (क्रमवारीच्या सामन्यांसाठी) साठ पत्त्यांच्या डेकमध्ये, म्हणजे आपण निवडलेल्या गठ्ठ्यात, लँडचे (बाकीचे पत्ते खेळायला लागणारा 'माना' देणारे) २४ पत्ते ठेवावेत, हा माझा सल्ला आपल्याला पुस्तकी वाटला. एका डावाच्या सामन्यात गेम स्वतःच पहिला हात (सुरुवातीचे सात पत्ते) सावरून देतो आणि आपल्याकडे चार 'लानोवार एल्व्हज' (स्वतः माना देणारे स्वस्त पत्ते) आहेत, त्यामुळे २० लँड पुरतात, असे आपण म्हणता. त्याच डेकने २० पैकी १३ सामने जिंकल्याचा दाखलाही आपण दिला आहे.

हात सावरण्याचा उल्लेख माझ्या लेखात राहून गेला, ही चूक मान्य. एका डावाच्या सामन्यात अरेना एकाहून अधिक हात काढून पाहतो आणि डेकमधील लँडच्या प्रमाणाशी जवळचा हात देण्याकडे त्याचा कल असतो. मात्र हे प्रमाण आपल्याच डेकचे असते. साठात २० लँड असतील तर सात पत्त्यांमागे सरासरी २.३ लँड येतात, २४ असतील तर २.८. म्हणजे गेम आपल्याला सावरून नेतो तो दोन लँडच्या हाताकडेच, आणि पुढे उचलायच्या पत्त्यांत तर त्याची काहीच मदत नसते. ही सावरासावर बाजूला ठेवून साधा हिशेब केला, तर पहिली चाल आपली असताना चौथ्या चालीपर्यंत दहा पत्ते पाहून होतात. त्यांत किमान चार लँड असण्याची शक्यता २४ लँडच्या डेकमध्ये सुमारे ६३ टक्के आणि २० लँडच्या डेकमध्ये सुमारे ४४ टक्के येते. आपल्या यादीत पाच माना किंवा त्याहून महाग असे नऊ पत्ते आहेत. ते खेळायचे कशावर?

एल्व्हज हा खरा आधार आहे, हे मी नाकारत नाही. पण चार प्रती ठेवूनही पहिल्या सात पत्त्यांत एक तरी एल्फ येण्याची शक्यता ४० टक्केच आहे, आणि आला तरी तो टिकतो असे नाही. मागच्या रविवारी, मळ्यातल्या भरीत पार्टीहून परतल्यावर, मी आपली यादी जशीच्या तशी बांधून खेळलो. एका डावात दोन लँड आणि एक एल्फ असा हात आला, जो कोणीही ठेवला असता. पहिल्या चालीत एल्फ मांडला. समोरच्याने एका लाल मानात 'शॉक' हा मारक पत्ता टाकून तो तिथेच उडवला. तिसरा लँड मला सहाव्या चालीत मिळाला. तोवर हातात पाच-पाच मानाचे तीन पत्ते जमले होते आणि ते नुसते बघत बसण्यापलीकडे मला काही करता आले नाही.

तेरा विजयांबद्दल अभिनंदन. तरीही निव्वळ नाणेफेकीवर खेळणाऱ्यालासुद्धा २० पैकी १३ किंवा अधिक विजय मिळण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते, म्हणून एवढ्यावरून डेक चांगला किंवा वाईट ठरवता येत नाही. माझा तो एक डावही याच मापाने मोजावा; तो पुरावा म्हणून सांगितलेला नाही.

समोरच्याला अंदाज येऊ नये म्हणून आपण आठ पत्ते एकेकच ठेवले आहेत, त्याविषयी थोडक्यात. एकेरी पत्ता पहिल्या दहा पत्त्यांत १७ टक्के वेळाच दिसतो, चार प्रतींचा ५३ टक्के. लॅडरवर समोरचा बहुधा अनोळखी असतो, त्यामुळे आपली यादी त्याला मुळातच ठाऊक नसते. चकवण्यासाठी एवढी किंमत मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

'शेवटी पत्ते म्हणजे नशीब', हे आपले वाक्य मात्र मला पटलेले नाही. आपल्याकडे आखाजीला पत्त्यांचा डाव बसतो तेव्हा कॅट सगळ्यांचा एकच असतो आणि वाटणीत आले ते निमूटपणे घ्यावे लागते. इथे साठही पत्ते आपणच निवडून आणतो, म्हणजे नशिबाला किती जागा द्यायची हेही बऱ्याच अंशी आपणच ठरवलेले असते.

चार एल्व्हज असलेल्या डेकला २४ ऐवजी २२ लँड चालतील, एवढी दुरुस्ती मी मूळ लेखात आज करतो आहे. आपण एकेरी पत्त्यांतले सर्वांत महाग दोन काढून तिथे लँड घालावेत, किमान शंभर सामने खेळावेत आणि पहिली चाल कोणाची होती तेही प्रत्येक वेळी टिपून ठेवावे. आकडे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध गेले तरी ते मला हवे आहेत.