डोंगलला नावं ठेवणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

शाळा सुरू झाल्या, पावसानं जोर धरला की गोव्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: 'कंप्युटरसाठी डोंगल घेऊन पैसे वाया घालवू नका. मोबाइलचा हॉटस्पॉट तेच काम करतो. डोंगल लावलं की आधी सीडी म्हणून दिसतं, म्हणजे त्यात व्हायरस असतो. लिनक्सवर तर ते चालतच नाही. काड्या पूर्ण असतील तर स्पीड मिळतो, नसतील तर डोंगल बाद समजा. एपीएन बदलून सर्व्हरच्या जागी गूगलचा पत्ता घाला, स्पीड दुप्पट होईल. गोव्याच्या पावसात सिग्नल विरतो, त्याला इलाज नाही. फारच त्रास असेल तर ऑनलाइन बूस्टर मागवा.' आणि खाली, 'जनहितार्थ'. (डोंगल म्हणजे सिम घालून कंप्युटरच्या यूएसबीत खोचायचं नेटचं छोटं यंत्र.)

पणजी-मडगावात ज्यांच्या दारापर्यंत फायबर आलं आहे, त्यांना या मेसेजनं काही फरक पडत नाही. पण सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोड्याच्या आतल्या वाड्यांवर लोक असंच काहीतरी वाचून खरेदी करतात किंवा करायचं टाळतात. २०२० च्या टाळेबंदीत याच भागातली मुलं रेंज शोधत डोंगर चढत होती आणि तिथं बसून शिकत होती. अशा घरात नेट धड चालणं ही गरज आहे, आणि त्या गरजेच्या आड येणारी माहिती चुकीची असेल तर ती खोडून काढलीच पाहिजे. मी लोकांच्या घरी जाऊन कंप्युटर आणि नेट जोडून देतो, त्यामुळे या मेसेजची फळं मला रोज दिसतात.

हॉटस्पॉटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. सिम तेच, टॉवर तोच, कंपनी तीच. तासाभराचं काम असेल, एखादा फॉर्म भरायचा असेल तर हॉटस्पॉट पुरे, त्यासाठी डोंगल घेऊ नका. फोन वायरनं लॅपटॉपला जोडलात तर आणखी बरं. नवा फाइव्हजी फोन तर जुन्या डोंगलपेक्षा जास्त वेग देऊ शकतो, कारण तो एकाच वेळी अनेक बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) एकत्र वापरतो. साधं फोरजी डोंगल बहुधा कॅटेगरी ४ चं असतं, म्हणजे कागदावर १५० एमबीपीएसच्या वर ते जाणारच नाही.

पण फोन माणसाबरोबर फिरतो. बाबा कामावर गेले की घरातलं नेट गेलं. आणि दुसरी गोष्ट गोव्यातल्या घरांची. चिऱ्यांच्या जाड भिंती, आत एकामागे एक खोल्या. रेंज असते माडीच्या खिडकीत किंवा पुढच्या सोप्यावर, आणि टेबल, प्लगपॉइंट, अभ्यासाची जागा असते आत. डोंगलचा खरा उपयोग इथं आहे: रेंज जिथं आहे तिथं ते कायमचं ठेवता येतं आणि माणूस आपल्या टेबलापाशी बसू शकतो.

वाळपईजवळच्या एका घरात हे आकड्यांत दिसलं. डोंगल लॅपटॉपमध्येच खोचलेलं होतं, लॅपटॉप आतल्या खोलीत. ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ हा पत्ता टाकून डोंगलचं पान उघडलं (हुआवेच्या हायलिंक डोंगलांचा हा नेहमीचा पत्ता; दुसऱ्या कंपनीचं असेल तर डबीवर किंवा मागच्या स्टिकरवर पाहा). सिग्नलच्या माहितीत आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद, उणे ११२ होता (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). यूएसबीची एक्स्टेंशन वायर लावून तेच डोंगल खिडकीच्या गजाला बांधलं, आकडा उणे ९७ वर आला. पंधरा डेसिबलचा फरक, म्हणजे आत येणारी ताकद तीसेक पट वाढली. सिम बदललं नाही, प्लॅन बदलला नाही, भिंत तेवढी मधून गेली.

वायर घेताना मात्र एक काळजी घ्या. साध्या यूएसबी २ वायरची मर्यादा ५ मीटर आहे. त्यातही स्वस्त, बारीक तारेची वायर घेतली की डोंगलला पुरेसा करंट पोचत नाही. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, आणि रेंज कमी असताना डोंगल टॉवरपर्यंत पोचण्यासाठी जास्त ताकद लावतं, म्हणजे नेमकं तेव्हाच त्याला जास्त करंट लागतो. डोंगल मधूनच गायब होऊन परत दिसायला लागलं तर कंपनीला फोन करण्याआधी वायर बदलून बघा. अंतर ५ मीटरपेक्षा जास्त असेल तर सिम घालायचा राउटर घ्यावा, तो खिडकीत ठेवावा आणि लॅनची वायर आत आणावी. ती १०० मीटरपर्यंत चालते.

सीडीतल्या व्हायरसची भीती निराधार आहे. बहुतेक डोंगलं पहिल्यांदा लावल्यावर मुद्दामच सीडी ड्राइव्ह म्हणून पुढे येतात, कारण त्यांना चालवायला लागणारं सॉफ्टवेअर त्यांच्याच पोटात साठवलेलं असतं. ते बसवून झालं की कंप्युटर डोंगलला एक आज्ञा पाठवतो, आणि त्यानंतर ते मोडेम किंवा नेटवर्क कार्ड म्हणून दिसू लागतं. अँटिव्हायरसनं ती सीडी अडवली की लोक म्हणतात डोंगल खराब निघालं.

लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरतात ती मोफत प्रणाली) हेच वेषांतर 'यूएसबी-मोडस्विच' नावाचा छोटा प्रोग्राम करतो, आणि पुढची जोडणी 'मोडेममॅनेजर' सांभाळतो. उबुंटूसारख्या प्रणालीत दोन्ही सहज मिळतात. हायलिंक प्रकारचं डोंगल तर लिनक्सला सरळ नेटवर्क कार्डच वाटतं, लावलं की नेट सुरू. जुन्या प्रकारात *९९# हा नंबर डायल करून जोडणी करावी लागते, तीही नेटवर्क मॅनेजरमधून होते. तेव्हा 'चालतच नाही' हे साफ खोटं आहे.

मेसेजमध्ये नसलेली, पण डोंगल खरोखर न चालण्याचं सगळ्यात मोठं कारण असलेली गोष्ट म्हणजे बँड. आपल्याकडे कुणी आखातात असतो, कुणी बोटीवर, कुणी इंग्लंडमध्ये. येताना तो चांगलं, महागाचं डोंगल घेऊन येतो आणि ते इथं धड चालत नाही. भारतात जिओचं फोरजी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे बँड ५, ३ आणि ४०. बीएसएनएलचं फोरजी ७०० आणि २१०० वर. युरोपसाठी बनलेल्या बऱ्याच डोंगलांत बँड ३ असतो, पण ५ आणि ४० नसतात. शहरात अशा डोंगलचं भागतं. पण कमी फ्रिक्वेन्सी दूरवर जाते, झाडं-भिंती जास्त सहज पार करते, त्यामुळे डोंगराआडच्या वाड्यावर पोचतो तो बहुधा ८५० वाला सिग्नलच. बँड ५ नसलेल्या डोंगलला तो दिसतच नाही, आणि शेजारी ठेवलेल्या फोनवर मात्र रेंज असते. मग 'डोंगल बेकार' असा निकाल लागतो. घेण्याआधी मॉडेलचे बँड तपासा आणि ते एकाच कंपनीच्या सिमला लॉक केलेलं नाही ना तेही विचारा. दहा-बारा वर्षांपूर्वीचं थ्रीजी डोंगल कपाटात पडलं असेल तर तिथंच राहू द्या. जिओकडे थ्रीजी कधी नव्हतंच आणि इतर खाजगी कंपन्यांनीही ते जवळजवळ गुंडाळलं आहे.

काड्यांवर विसंबू नका. काड्या किती दाखवायच्या हे फोन किंवा डोंगल बनवणारी कंपनी ठरवते, आणि वेगाविषयी त्या फारच थोडं सांगतात. डिसेंबरच्या शेवटी कळंगुट-बागाला जाऊन बघा: काड्या पूर्ण, पान उघडत नाही. टॉवर जवळ आहे, पण त्याच टॉवरवर हजारो पर्यटक आहेत. डोंगलच्या पानावर दोन आकडे पाहायचे. आरएसआरपी म्हणजे सिग्नलची ताकद. उणे ९० च्या आसपास चांगली, उणे ११० च्या पलीकडे कठीण. एसआयएनआर म्हणजे सिग्नल किती स्वच्छ आहे. २० च्या वर उत्तम, शून्याच्या आसपास आला की वेग कोसळतो. दोन काड्यांवर पण एसआयएनआर १५ असलेल्या घरात ऑनलाइन वर्ग व्यवस्थित चालतो. डोंगल खिडकीत हळूहळू सरकवत, दर वेळी थोडं थांबून हे आकडे बघा आणि दुसरा आकडा जिथं सगळ्यात चांगला येईल ती जागा पक्की करा.

एपीएनचा नुस्खा नुसता निरुपयोगी असता तर मी एवढं लिहिलं नसतं. एपीएन म्हणजे तुमचा डेटा कंपनीच्या कोणत्या दारातून इंटरनेटवर जाणार त्याचं नाव. जिओसाठी 'जिओनेट', बीएसएनएलसाठी 'बीएसएनएलनेट', इंग्रजी लिपीत, जागा न सोडता. ते बरोबर असेल तर नेट चालतं, चूक असेल तर चालत नाही. दुप्पट करण्याजोगं त्यात काही नाही. सर्व्हरच्या रकान्याला आजच्या डेटा जोडणीत काम उरलेलं नाही, तिथं गूगल लिहा नाहीतर काहीही लिहा. धोका आहे तो प्रॉक्सीच्या, म्हणजे नेट ज्या मधल्या यंत्रातून जातं त्याच्या पत्त्याच्या, रकान्यात. अशा मेसेजच्या काही आवृत्त्यांत प्रॉक्सी म्हणून एखादा अनोळखी पत्ता दिलेला असतो. तो भरलात तर तुमचं नेट कुणा परक्याच्या यंत्रातून जाऊ शकतं. प्रॉक्सी रिकामी ठेवा. कुणी भरून दिली असेल तर आजच काढा.

वेगाची तक्रार असते तेव्हा बऱ्याचदा डेटा संपलेला असतो. लॅपटॉप फोनसारखा जपून वागत नाही. विंडोजचे अपडेट, फोटोंचा क्लाउड बॅकअप हे सगळं मागच्या मागे चालू होतं, दिवसाचा दीड जीबी दुपारपर्यंत संपतो आणि त्यानंतर अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ही जोडणी 'मीटर्ड' (डेटा मोजून वापरायची) करून टाका.

आता पाऊस. हा गैरसमज चांगल्या शिकलेल्या माणसांतही आहे, आणि तो कुठून आला हेही कळतं: सरी जोरात आल्या की छपरावरच्या डिशचा टीव्ही जातो. ती डिश १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर चालते आणि तिथं पावसाचे थेंब सिग्नल खरोखरच खातात. मोबाइलचं फोरजी चालतं ७०० ते २५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तिथं कोसळत्या पावसाचाही परिणाम जवळजवळ मोजण्याइतका नसतो.

मग जून-जुलैत नेट का जातं? कारणं दुसरी आहेत. झाड पडून वीज जाते आणि टॉवरची बॅटरी काही तासांनी संपते. रस्त्याकडेची दरड कोसळते किंवा चर खणताना फायबर तुटतं. आतले काही टॉवर एकमेकांना मायक्रोवेव्हच्या डिशनं जोडलेले असतात, त्या लहरी उंच फ्रिक्वेन्सीच्या, त्यांना मात्र पाऊस बाधतो. आणि कुळागरातली (पोफळीच्या बागेतली) ओलीचिंब पानं सुक्या पानांपेक्षा जास्त सिग्नल अडवतात.

यांतलं कोणतं कारण आहे ते घरबसल्या ओळखता येतं. नेट बंद आहे पण आरएसआरपी नेहमीसारखाच आहे, तर टॉवर चालू आहे आणि बिघाड त्याच्या पुढे, फायबरमध्ये किंवा मायक्रोवेव्हच्या दुव्यात आहे. सिग्नलच गायब असेल तर टॉवर बंद पडला आहे; अशा वेळी दुसऱ्या कंपनीचं एक सिम घरात असलं की अडत नाही. आकडा रोजच्यापेक्षा थोडा खाली घसरून तिथंच राहिला असेल तर झाडांकडे बघा आणि डोंगल माडीवर वर न्या. तक्रार करताना हे सांगितलंत तर समोरच्याला 'फोन बंद करून चालू करा' एवढ्यावर तुम्हाला वाटेला लावता येत नाही.

बूस्टरविषयी स्पष्ट लिहितो. परवाना असलेल्या दूरसंचार कंपन्यांखेरीज कुणीही मोबाइल सिग्नलचा बूस्टर किंवा रिपीटर बाळगणं, विकणं, वापरणं बेकायदा आहे. दूरसंचार विभागानं २०२२ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं आहे. ऑनलाइन मिळतो म्हणजे चालतो असं नाही. स्वस्त बूस्टर टॉवरच्या दिशेनं गोंगाट फेकतो आणि त्यामुळे अख्ख्या वाड्याची रेंज बिघडते. तुमच्या घरात काड्या वाढतील आणि शेजारणीचा फोन लागणार नाही.

त्याऐवजी साधा अँटेना लावा. तो सिग्नल वाढवून परत फेकत नाही, फक्त डोंगलचे कान मोठे करतो, म्हणून तो चालतो. बऱ्याच डोंगलांच्या कडेला दोन बारीक भोकं असतात, सीआरसी९ किंवा टीएस९ प्रकारची. फोरजी दोन अँटेना एकत्र वापरतं, तेव्हा दोन्हींत वायर जाईल असाच अँटेना घ्या आणि ती वायर शक्य तितकी आखूड ठेवा. लांब वायरीत मिळवलेला सिग्नल वाटेतच जातो. तोंड कुठल्या दिशेला करायचं ते ठरवायला दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर जवळचे टॉवर दिसतात. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांनाही आपल्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे द्यावे लागतात. सिम कुणाचं घ्यायचं ते ठरवताना ते उघडून बघा. अँटेना छपरावर असेल तर विजा कडाडायला लागल्या की वायर डोंगलमधून आणि डोंगल लॅपटॉपमधून काढून ठेवा.