काका, तुमची पट्टी चुकीची हाय

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या दारात पालकांच्या गाड्या लागायला सुरुवात होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं पॅटर्नचं काम आहे. फौंड्रीत जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा नमुना करावा लागतो, तो आम्ही करतो. पण नोव्हेंबर-डिसेंबरात लोक वेगळ्याच कामाला येतात. "मिस्त्री, पोरग्याचं विज्ञान प्रदर्शन हाय. कायतरी हलणारं द्या बघा." हललं पाहिजे आणि लाईट लागला पाहिजे, एवढ्या दोनच अटी. विषय मी ठरवायचा.

खोटं कशाला बोलू, मी बनवून दिलेत. सिरिंजवर चालणारा जेसीबी, पाणी वाढलं की वर उचलला जाणारा पूल, फिरणारी पवनचक्की. एका वर्षी तर एकाच तालुक्यात माझे दोन जेसीबी उभे होते, एक पिवळा, एक निळा. पिवळ्याचा नंबर आला. शाळेत असताना प्रदर्शनात माझा कधी नंबर आला नव्हता. पन्नाशीत आला, तोही आठवीतल्या पोराच्या नावावर.

ते प्रदर्शन बघायला मी गेलो होतो. पोरगं टाय लावून उभं. पास्कलचा नियम एका दमात म्हणून दाखवला. परीक्षक बाई चांगल्या होत्या, त्यांनी सहज विचारलं, "बाळ, नळीत पाण्याऐवजी नुसती हवा भरली तर काय होईल?" पोरानं बापाकडं बघितलं. बापानं माझ्याकडं.

खरं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. नळी काढायची, पाणी सांडायचं, दट्ट्या दाबून बघायचा. पण मॉडेलला हात लावायचा नाही अशी घरून ताकीद होती, सगळं फेव्हिक्विकवर उभं! मला उत्तर माहीत होतं, कारण बनवताना नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला होता आणि तो काढता काढता माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. हवा दबते, त्यामुळं दट्ट्या आत गेला तरी बकेट जागची हलत नाही, आणि मग एकदम उडी मारते. पाणी तसं दबत नाही. पुस्तकात एका ओळीत असलेली ही गोष्ट मला त्या संध्याकाळी कळली. कळायला पाहिजे होती त्या पोराला.

आता दुसरी गोष्ट. मागच्या वर्षी महापालिकेच्या एका शाळेतल्या बाई आल्या. "नववीची मुलं घेऊन येऊ का? फक्त बघायला." शाळेपासून चालत आली सगळी. एसटी नाही की डबे नाहीत. पस्तीस-चाळीस पोरं माझ्या एवढ्याशा शेडमध्ये, मला तर घामच फुटला. नेहमीचं सांगितलं, हे सागवान, हा रंधा, हा पॅटर्न. पोरं कंटाळली. मागची दोघं मोबाईलमध्ये.

एक मुलगी मात्र माझ्या टेबलाजवळ उभी राहून कायतरी करत होती. कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी माझ्या स्टीलच्या पट्टीला लावून बघत होती. मग म्हणाली, "काका, तुमची पट्टी चुकीची हाय."

सगळी हसली. बाई ओशाळल्या. मला मात्र लय बरं वाटलं, कारण ती खरं बोलत होती. पॅटर्नवाल्याची पट्टी मुद्दामच 'चुकीची' असते. ओतलेला धातूचा रस थंड होताना आकसतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड शंभराला साधारण एक, ॲल्युमिनियम त्याहून थोडं जास्त, स्टील जवळपास दोन. म्हणजे पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. प्रत्येक मापाला गणित कोण करत बसणार, म्हणून पट्टीच मोठी आखलेली असते. बिडाच्या पट्टीवरचे ३०० मिलिमीटर म्हणजे खरे ३०३. नवीन कारागीर कामाला लागतो तेव्हा त्याला हे सांगावं लागतं. या पोरीला न सांगता दिसलं.

त्यानंतर पोरं थांबेनात. मग पितळेची पट्टी वेगळी का? आकसतं म्हणजे वजन कमी होतं का? (हा प्रश्न फार भारी होता, उत्तर द्यायला मलाही एक मिनिट लागलं.) मोबाईलवालेही पुढं आले.

यावरून माझं मत सांगतो, पटलं तर बघा. आपल्याकडं स्पर्धा मॉडेलची होते आणि सहल वॉटरपार्कची. प्रश्नाची स्पर्धा आणि प्रश्न सापडेल अशी सहल, हे दोन्ही राहूनच जातं.

योजना नाहीत असं नाही. १९९३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचा पायाच हा आहे की आपल्या परिसरातला प्रश्न घ्या, मोजा, नोंदवही ठेवा. होमी भाभा परीक्षेतही लेखीनंतर प्रात्यक्षिक आणि प्रकल्प असतो. इन्स्पायर मानक या सरकारी योजनेत कल्पना निवडली गेली तर मुलाच्या खात्यावर १०,००० रुपये येतात. कागदावर सगळं उत्तम. मग ते १०,००० घेऊन पालक माझ्याकडं येतात.

मास्तरांनाही मी फार बोलणार नाही. सहल म्हटली की परवानगीचे कागद, पालकांची संमतीपत्रं, आणि वर कुणाला काय झालं तर जबाबदारी. एसटी शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्यात मिळते हे खरं, पण मुलांना परत आणेपर्यंत त्या माणसाच्या जिवात जीव नसतो. म्हणूनच म्हणतो, लांब कशाला जायचं?

गुऱ्हाळ बघा. आपण तिथं पोरांना काकवी चाटायला नेतो आणि परत आणतो. रसात चुना का टाकतात? भेंडीचं चिकट पाणी घातलं की मळी वर का येते? गुळव्या थर्मामीटर न लावता नुसत्या पोतावरनं काईल, म्हणजे रसाची मोठी कढई, कधी उतरवायची ते ओळखतो. शाळेचा थर्मामीटर घेऊन जा आणि तो दरवेळी किती अंशाला उतरवतो ते लिहा. ११८ च्या आसपास येतं का बघा. रसायनशास्त्राचे चार धडे त्या चुलवाणावर उकळत असतात.

पावसाळ्यात तर काय, अख्खं गाव जलशास्त्रज्ञ असतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे, त्यातला कितवा किती वाजता उघडला हे मोबाईलवर मिनिटात येतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा हीच पोरं माळ्यावर बसून पातळी बघत होती. मग दरवाजा उघडल्यावर बंधाऱ्यावर पाणी वाढायला किती तास लागतात, मध्ये कुंभी-कासारी नद्यांचं पाणी किती मिसळतं, याचा तक्ता कुठल्या शाळेनं केलाय? आकडे फुकट पडलेत.

आणि अंबाबाईचा किरणोत्सव, मावळतीची किरणं देवळात थेट मूर्तीपर्यंत येतात तो. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मी लहानपणापासून हात जोडत आलो, पण तारखा दोनदाच का आणि याच का, हा विचार गेल्या महिन्यात रांगेत उभा असताना पहिल्यांदा डोक्यात आला. घरी येऊन कॅलेंडर मोजलं. १० नोव्हेंबर ते २२ डिसेंबर ४२ दिवस, आणि २२ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४१. मावळता सूर्य दक्षिणेकडं सरकत जातो, २२ डिसेंबरच्या सुमाराला माघारी फिरतो, आणि जाताना ज्या जागी मावळला होता त्याच जागी येताना पुन्हा मावळतो. देवळाच्या दारातून आत यायला किरणांना तेवढीच एक दिशा सापडते. हात अजूनही जोडतो, पण आता बघायला जास्त मजा येते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा जन्म याच गावातला म्हणून शाळाशाळांत फोटो लागतात, त्या फोटोखाली वर्षभर मावळतीची जागा खुणेनं नोंदवायला काय हरकत आहे? गच्ची आणि खडू, एवढाच खर्च.

त्या पट्टीवाल्या मुलीचं सांगायचं राहिलं. यंदा ती दहावीत आहे. तरी शनिवारी दुपारी एकटीच आली, प्रदर्शनासाठी. मॉडेल नको म्हणाली, मोजायला तुकडे पाहिजेत. एकाच पॅटर्नवरनं ओतलेले बिडाचे तीन नग दिले आणि बारीक माप घ्यायचा व्हर्निअर कसा धरायचा ते शिकवलं. तासाभरानं वही पुढं केली. पॅटर्न ३०३. नग २९९.६, ३००.२ आणि ३००.९.

मी म्हटलं, "सरासरी काढून एकच लिही. परीक्षकांना बरं वाटतं."

"पण काका, तीन आलेत की."

मग सांगावं लागलं. पॅटर्न वाळूतनं काढायच्या आधी मोल्डर, म्हणजे वाळूचा साचा करणारा, तो ठोकून सैल करतो. कोण हळू ठोकतो, कोण दणादण. जितकं ठोकेल तितका साचा जरासा मोठा होतो. तिनं ते लिहून घेतलं आणि विचारलं, यातला कुठला नग कुणी केला? गेली तीस वर्षं मी या धंद्यात आहे, पण हे मी कधी विचारलं नव्हतं. तिच्यासमोरच फौंड्रीत फोन लावला. सोमवारी सांगतो म्हणालेत.

ती गेली आणि तेवढ्यात एकजण जेसीबी मागायला आला. म्हटलं, साहित्य देतो, पोराला रविवारी पाठवा, इथंच बसून करू. तो म्हणाला, "त्याला वेळ कुठाय ओ मिस्त्री, सायन्सचा क्लास असतो."