उद्या आठवण करा

गुरुवारी टाकी धुणार, पाणी भरून ठेवावे, अशी नोटीस मी सोमवारीच फळ्यावर लावतो. गुरुवारी सकाळी साडेआठला, डोक्यावर शॅम्पूचा फेस तसाच ठेवून, २०२ नंबरवाले इंटरकॉमवर विचारतात, "पाणी का नाही?" मी म्हणतो, नोटीस लावली होती. ते म्हणतात, "कुठे?" गेली अकरा वर्षं लावतोय तिथेच, लिफ्टशेजारी, असं सांगितलं की म्हणतात, "हां, ती पाहिली. वाचली नाही."

डोंबिवलीतल्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. निवडून आलो असं नाही. सभेतून चहाचं बघायला उठलो होतो, परत येईपर्यंत झालो होतो. पदाबरोबर एक लोखंडी कपाट आलं. २०१६ साली सोसायटीने कम्प्युटर घेतला, तोही माझ्याच घरी आला. जिन्याखालच्या ऑफिसात ओल येते, त्यामुळे तो आमच्या हॉलमध्ये, देवघराच्या शेजारी असतो.

या विंडोजवाल्या कम्प्युटरच्या उजव्या कोपऱ्यात अधूनमधून एक चौकोन उगवायचा. अपडेट तयार आहे, आत्ता रीस्टार्ट करू की उद्या आठवण करू? मी 'उद्या' दाबायचो. उद्याही 'उद्या' दाबायचो. त्या चौकोनात नेमकं काय लिहिलेलं असतं हे मला कोणी विचारलं असतं, तर मीही म्हटलं असतं, पाहिलं, वाचलं नाही.

भाचा म्हणतो, मामा, ते दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं. ऑक्टोबर २००३ पासून ही प्रथा आहे म्हणे, आणि तिला 'पॅच ट्यूजडे' असं नाव आहे. तिकडे अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवाल्यांचे सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, थंडीत साडेअकरा, झालेले असतात, म्हणजे प्रसाद हातात पडेस्तोवर बुधवारच. अंगारकीसुद्धा वर्षातून एकदोनदाच येते, आणि तिला निदान चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात छापलेली असते.

तर गेल्या वर्षीची, २०२५ची गोष्ट. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आम्ही रविवार, २८ तारीख धरली. पूर्ण चौदा दिवस आधी नोटीस द्यायची, म्हणजे १३ तारखेला ती चोवीस दारांत पडायला हवी. बुधवारी, १० तारखेला रात्री, मी अजेंडा लिहून काढला. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ताळेबंदास मंजुरी देणे. थकबाकी न भरणाऱ्या सभासदांबाबत विचार करणे (हा विचार आम्ही २०१४ पासून करतोय). फाइल सेव्ह केली, साडेअकरा वाजले होते, आणि बंद करायला गेलो तर नुसतं 'बंद करा' दिसेना. 'अपडेट करून बंद करा' दिसलं. बघू तरी एकदा काय म्हणतोय, असा विचार करून दाबलं.

एकसष्ट टक्क्यांवर लाईट गेली.

यात कम्प्युटरचा काही दोष नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. खाली यूपीएस आहे, त्याची बॅटरी दिवाळीपासून फुगलेली आहे आणि ती बदलायची मला दर महिन्याला आठवण होते. लाईट आल्यावर पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागलं. खाली लिहिलं होतं की केलेले बदल मागे घेत आहोत, कम्प्युटर बंद करू नका. मी कुठला बंद करतोय! बायको आतून म्हणाली, "अहो, झोपा आता, तुम्ही बघत बसलात म्हणून ते लवकर फिरणार आहे का?" पहाटे दोनपर्यंत बघत बसलो. लवकर फिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचा आला, खिशात पेन ड्राईव्ह घेऊन. तो लिनक्सवाला, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स नावाची सिस्टीम वापरणारा. माळकरी माणूस जसा पंगतीत 'कांदा-लसूण आहे का' विचारतो, तसा हा कुणाच्याही घरी गेला की 'तुमच्याकडे कुठली सिस्टीम' विचारतो. त्याने पेन ड्राईव्ह लावला, एक-दोन कळा दाबल्या, आणि त्याच कम्प्युटरवर भलतंच घर उघडलं. आतल्या डिस्कला हात न लावता, नुसतं पेन ड्राईव्हवरून. दुसऱ्या मिनिटाला माझी फाइल सापडली. मी त्याला मिठीच मारणार होतो, तेवढ्यात त्याने ती उघडली.

'सोसायटी' या शब्दाच्या जागी लिहिलं होतं: एल, के, एस, एल, के, अर्धविराम, व्ही, एच.

अख्खी नोटीस अशी. ताळेबंद, थकबाकी, आपला नम्र, सगळ्यांची मांजराने कीबोर्डवरून चालावं तशी अवस्था. भाचा पोट धरून हसला आणि मग मला समजावून सांगितलं. आधीच्या सेक्रेटरींनी नोटिशीचा नमुना कृतिदेव फॉन्टात केला होता, आणि मी अकरा वर्षं त्याच्यातच तारखा बदलत आलो. असल्या जुन्या फॉन्टात मराठी अक्षर मुळात नसतंच. इंग्रजी एलच्या अंगावर 'स'चा सदरा चढवलेला असतो. फॉन्ट नसलेल्या घरी गेलं की सदरा गळतो आणि आतला एल उघडा पडतो. देवनागरीला स्वतःचं हक्काचं घर युनिकोडने, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीने, १९९१ सालीच दिलं होतं. म्हणजे मी सेक्रेटरी होण्याच्याही बरंच आधी. मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर मी 'उद्या' दाबलं असणार.

"लिनक्सपण १९९१चंच," भाचा म्हणाला. ऑगस्ट महिन्यात हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं होतं की मी एक सिस्टीम करतोय, नुसता छंद म्हणून, फार मोठं काही होणार नाही. आमच्या सोसायटीतही एकाने छंद म्हणून गच्चीवर कबुतरं पाळली होती. ती अजून आहेत.

नोटीस पुन्हा टाइप केली, या वेळी इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे युनिकोड मराठीच्या कीबोर्ड-मांडणीत. तो एक वेगळा अध्याय. 'ळ' शिफ्ट एनवर राहतो. 'भरणाऱ्या' लिहायला शिफ्ट जे, मग डी, मग तिरकी रेघ. तसं न करता साधा र वापरला तर 'भरणार्या' होतं, आणि नोटिशीत अशुद्ध शब्द आहे म्हणून ती आपल्याला लागू नाही, असं म्हणणारे दोन थकबाकीदार आमच्याकडे तयार आहेत. रात्री एक वाजता ताळेबंदातला 'ळ' सापडला तेव्हा झालेला आनंद मी कोणाला सांगू शकलेलो नाही. प्रिंटर मात्र काही न सांगता, न मागता, पहिल्या झटक्यात चालला. याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही.

"मामा, आता कायमचं लिनक्स टाकून देतो," भाचा म्हणाला. "नाहीतरी १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा आधार संपतोय आणि ११ या मशीनवर चढत नाही."

चढत का नाही, तर त्याला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमचा सहाव्या पिढीचा. आपल्याकडे सोयरीक जमवतानासुद्धा सात पिढ्यांवर भागतं!

तेवढ्यात आई म्हणाली, "पितृपंधरवडा चालू आहे. नवीन काही बसवायचं नाही."

भाचा म्हणाला, "आजी, सॉफ्टवेअर आहे."

"सॉफ्ट असो नाहीतर हार्ड. घटस्थापनेला बसव."

मधल्या दिवसांत बातमी बिल्डिंगभर झाली आणि ज्यांनी नोटीस वाचली नव्हती ते सगळे सल्ला द्यायला आले. पाचव्या मजल्यावरचे मॅकवाले. त्यांचं एकच वाक्य: "आमच्याकडे असलं काही होत नाही." त्यांच्या सिस्टीमना कॅलिफोर्नियातल्या ठिकाणांची नावं असतात, मोहावी, कॅटलिना, बिग सर, सोनोमा. कल्याण डेपोत उभं राहून पाट्या वाचतोय असं वाटतं. किंमत विचारली तेव्हा आमचा दुरुस्ती फंड डोळ्यांसमोर उभा राहिला आणि लगेच बसला. लिनक्समध्येही एकच एक लिनक्स नाही. उबुंटूवाले प्रत्येक आवृत्तीला प्राण्याचं नाव देतात; २००४चा त्यांचा पहिला अवतार म्हणजे चामखिळींचं रानडुक्कर, म्हणजे वराहच. मिंट ही लिनक्सचीच आणखी एक तऱ्हा, तिच्या आवृत्त्यांची नावं बायकांची: उल्याना, व्हनेसा, विल्मा. भाचा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "विल्मा मामाकडे छान चालेल, झारा आत्ताच आलीये, पण मी घाई करणार नाही." बायकोने भाजी चिरायची थांबवली.

घटस्थापनेला, २२ तारखेला, त्याने शेवटी उबुंटूवाल्यांचं लिनक्स बसवलं. जुनं काढलं नाही, शेजारीच बसवलं. आता कम्प्युटर सुरू केला की आधी विचारतो, कोणाकडे जायचं, आणि दहा सेकंद वाट बघतो. एका घरात दोन चुली. पहिल्या दिवशी भाच्याने काळ्या पडद्यावर टाइप करायचा एक आदेश चिठ्ठीवर लिहून दिला. तो टाइप केला. पासवर्ड मागितला. मी टाइप करतोय, पण उमटत काहीच नाही. टिंब नाही, चांदणी नाही. कीबोर्ड गेला म्हणून उलटा करून आपटला, त्यातून २०१६पासूनचे चिवड्याचे पोहे निघाले. भाच्याला फोन केला, तर म्हणे ते तसंच असतं, दिसत नाही, तुम्ही टाइप करा. केला. चुकीचा म्हणाला. पुन्हा चुकीचा. तिसऱ्यांदा चुकीचा म्हटल्यावर लक्षात आलं की कीबोर्ड इनस्क्रिप्टवरच राहिलाय आणि मी आंधळेपणाने मराठीत पासवर्ड देतोय. मातृभाषेचा एवढा अभिमान मला कधीच महागात पडला नव्हता.

२८ तारखेच्या सभेला कोरम झाला नाही. नेहमीप्रमाणे अर्धा तास तहकूब करून तीच सभा पुन्हा भरवली. ऐनवेळच्या विषयात मी कम्प्युटरचा विषय मांडला आणि सांगितलं की नवी सिस्टीम टाकून पाहिली आहे, खर्च शून्य.

सभागृह म्हणजे पार्किंग एकदम सावध झालं.

"शून्य म्हणजे?" २०२.

"फुकट आहे."

"फुकट कोण देतं?"

"जगभरातले लोक मिळून करतात."

"त्यांना काय मिळतं?" मला सांगता येईना. खजिनदार म्हणाले, "बिल नाही, व्हाउचर नाही. ऑडिटरला काय दाखवू?" कुणीतरी म्हणालं, यापेक्षा चारशे रुपयांचं काहीतरी घ्या, निदान पावती तरी मिळेल. पाचव्या मजल्यावरचे म्हणाले, आमच्याकडे असलं काही होत नाही. मग भाच्याने मागून मला मोबाईल दाखवला: जुन्यालाच सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, मिळण्याची सोय निघाली होती. मुदतवाढ! हा शब्द ऐकल्याबरोबर चोवीस बिऱ्हाडांच्या चेहऱ्यावर शांती पसरली. कार्यकारिणीला, रंगाच्या कंत्राटदाराला, लिफ्टवाल्याला, सगळ्यांना आम्ही तीच दिली आहे.

दसऱ्याला आईने कम्प्युटरची पूजा केली. पडद्याला हळदकुंकू, सीपीयूवर झेंडूचा हार, यूपीएसच्या फुगलेल्या बॅटरीपुढे आपट्याचं पान. पूजा मोडू नये म्हणून दोन दिवस थांबलो आणि तिसऱ्या दिवशी इतिवृत्त लिहायला बसलो. एनच्या कळीखाली झेंडूची पाकळी अडकली होती, 'ळ' उमटेना, पिनेने काढली. "सदर कम्प्युटरला एक वर्ष मुदतवाढ देण्याचे सर्वानुमते ठरले. सूचक," इथवर आलो आणि उजव्या कोपऱ्यात चौकोन उगवला.

खाली इंटरकॉम वाजत होता. पाणी नव्हतं.