पावणं, पक्षी धरताय व्हय?

माझा मावसभाऊ इंग्लंडमधे असतो आणि तिथं तो सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून पक्षी पकडतो, त्यांच्या पायात नंबरची रिंग घालतो आणि सोडून देतो. छंद म्हणून! तिकडं एक ट्रेनर गाठायचा, त्याच्या हाताखाली शिकायचं, मग परवाना मिळतो. बायकोच्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून कोल्हापूरला आलो, नवीन गाव, ओळख ना पाळख, संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर मारायची आणि भेळ खायची एवढाच कार्यक्रम, पँटी आवळायला लागल्या तेव्हा म्हटलं चला आपण पण रिंगा घालू.

तर, तसं नाही घालता येत. 1972 च्या वन्यजीव कायद्यात जंगली पक्षी नुसता पकडला तरी ती शिकारच. मारा नाहीतर मुका घेऊन सोडा, कायद्याला सगळं सारखंच. परवानगी वनखात्याची लागते आणि ती संशोधनासाठी मिळते, "नवीन गावात करमत नाही" या कारणासाठी नाही मिळत. (बरोबरच आहे म्हणा. ज्या दाजीपूरच्या जंगलात महाराज शिकारीला जायचे त्याचं 1958 सालीच अभयारण्य झालं, तिथं माझी काय कथा.)

शेवटी ह्याच्या ओळखीने त्याची ओळख काढत एक अभ्यासक मॅडम सापडल्या. त्यांच्याकडे रीतसर परवानगी होती, फक्त बांबू उचलायला माणूस नव्हता. तो मी झालो.

शहराबाहेर ओढ्याकाठी उजाडायच्या आधी जाळी लावायची. काळी, इतकी बारीक की उजेड पडल्यावर पक्ष्याला दिसत नाही आणि मलाही दिसत नाही, माझ्या शर्टाचं बटण त्यात पक्ष्यांपेक्षा जास्त वेळा अडकलंय. जाळ्याकडे सारखी फेरी मारायची, कारण पक्षी लटकत ठेवून चहा पीत बसायचं नाही, याबाबतीत मॅडम एकदम कडक. पक्षी अलगद सोडवायचा, सुती पिशवीत घालायचा, वजन, पंखाची लांबी, मग पक्कडीने रिंग. सूर्यपक्षी हातात घेतला तर आठेक ग्रॅमचा जीव, श्वास घ्यायला सुद्धा भीती वाटते. बुलबुल म्हणजे मात्र ताप! जाळ्याचे धागे दोन्ही पायांच्या मुठीत गच्च धरून ठेवतो, एक बोट सोडवावं तर दुसऱ्याने धरतो आणि हे चालू असताना बोटाला चोची मारतो, वरून मनगटावर शिटतो. आणि सातभाई! त्यांच्यातला एक सापडला की पेठेतल्या पोराला कुणी हात लावल्यावर अख्खी तालीम यावी तशी बाकीची गँग येऊन डोक्यावर कलकलाट करते. मॅडम शांतपणे म्हणतात, "लिहून घ्या, वजन." मी लिहितो. कारण पक्षी धरायचं काम मला अजून फारसं मिळत नाही, वही धरायचं मिळतं.

पण हे सगळं परवडलं, लोकांना समजावणं नको.

"काय धरालाय ओ पावणं?"
"पक्षी."
"खायला?"
"नाही हो, सोडून देतो परत."
"सोडायचाच हाय तर मग धरलासा कशाला?"

आता याला काय उत्तर देणार! मी सांगून बघितलं की 1899 साली डेन्मार्कमधे मॉर्टेन्सन नावाच्या एका मास्तरांनी स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात नंबर आणि पत्ता असलेल्या अॅल्युमिनियमच्या रिंगा घातल्या, तिथनं ही पद्धत सुरू झाली. 1956 साली रिंग घातलेली एक अल्बाट्रॉस (समुद्रावरचा मोठा पक्षी) 2024 मधे पण अंडं घालत होती, हे रिंगेमुळेच कळलं. त्यावर एक काका म्हणाले, "बरं, मास्तरांना शाळा नव्हती व्हय?" शेजारच्या वहिनी तर म्हणाल्या, "मी पण येतो की एकदा, आमच्या गच्चीवरच्या पारव्यांस्नी घाला आधी."

एका सकाळी म्हशी आल्या. पुढच्या म्हशीला जाळं दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी ती थांबली असती असं मला वाटत नाही, ती दोन बांबूंसकट जाळं शिंगावर घेऊन ओढ्यात जाऊन बसली. मॅडमचा चेहरा बघवत नव्हता, ते जाळं बाहेरून मागवलेलं. मालक मागून आले, एकदा म्हशीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "हिला पण रिंग घालायची व्हती काय?"

तेव्हापासून मी सोपं केलंय. आपल्याकडच्या रिंगेवर नंबर असतो आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा असा मजकूर असतो, तर मी सगळ्यांना एवढंच सांगतो की पायात रिंग असलेला पक्षी दिसला तर कळवा. आणि माझा नंबर देतो. रिंग घातलेल्या पक्ष्यांपैकी पुन्हा बातमी लागते ती फार म्हणजे फारच थोड्यांची, त्यामुळे म्हटलं कुठला फोन येतोय.

फोन आला. जोतिबाच्या पायथ्याकडून. "तुमचा पक्षी घावलाय, रिंग हाय पायात." मी मॅडमना मेसेज टाकून गाडी काढली, रस्ताभर डोक्यात सायबेरिया. पोचलो तर पत्र्याच्या खुराड्यात एक दणकट कबूतर, शर्यतीचं, पायात रिंग बरोबर होती, पण ती कुणा कबूतरवाल्याने घातलेली. मी म्हटलं हा आमचा नाही, पण रिंगेवरून मालक सापडेल, कळवूया त्याला.

ते गृहस्थ एकदम गंभीर झाले. मला आत नेलं, पाट मांडला, ताट वाढलं. "कळवायचं न्हाई हां," ते हळू आवाजात म्हणाले, "आलंय आपल्या पायानं, आता ऱ्हाऊ दे. रिंग बगाय बोलवलंय मी, किती सालातलं हाय तेवढं वाचून सांगा."

मी रिंग वाचली. मालक कोण त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि तोवर पांढऱ्या रश्श्याची वाटी परत भरलेली होती.